दसऱ्याला इंजिनचा, पाडव्याला आतला

दाजी, आज दसरा. सकाळी साडेसातला मी फोन हातात धरून बसलो होतो. दर दसऱ्याला याच सुमाराला तुमचा फोन यायचा. त्यात शुभेच्छा नसायच्या, सोनं द्यायला कधी येतोस हेही नसायचं. तुम्ही थेट विचारायचात, "फिल्टर बदलला का?" मी म्हणायचो, "बदलला, दाजी." मग तुम्ही म्हणायचात, "मग घाला हार." एवढं बोलून फोन बंद.

गेली चार वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. फिल्टर बदललेला नसायचा. मी नुसता हार घालत होतो.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. लोक भेटायला आले, तुम्ही किती कष्टाळू होतात, किती सरळ होतात, ते सांगून गेले. त्या सगळ्या बैठकींत मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मेहुणा खचलाय. खचलो होतोच, पण मान खाली जायचं कारण वेगळं होतं. ते कारण तुम्ही असताना तुम्हाला सांगायला हवं होतं. पंधरा दिवसांतून एक, असे कितीतरी शनिवार मला मिळाले होते. करमाडपासून शहरापर्यंतचा अख्खा रस्ता मिळत होता. तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर बसलेले असायचात, आणि मी तुमच्याशी पावसाबद्दल आणि रस्त्याच्या खोदकामाबद्दल बोलत राहायचो.

"गाडीला दोन नाकं असत्यात," असं तुम्ही म्हणायचात. एक बॉनेटखाली, काळ्या डब्यात. त्यातून इंजिन श्वास घेतं. दुसरं डॅशबोर्डच्या खणामागं, त्यातून आत बसलेली माणसं श्वास घेतात. पहिलं सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं आहे, हेच निम्म्या गाडीवाल्यांना माहीत नसतं. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात दोन्ही फिल्टर किती किलोमीटरला बदलायचे ते छापलेलं असतं. त्या पुस्तकावर तुमचा फार राग. "पुस्तक लिवणाऱ्यानं आपला जालना रोड बघितलाय का? खडीचे हायवा डंपर, खोदलेल्या साइडा, वरून उन्हाळ्यातली वावटळ. पुस्तकात लिवलंय त्याचं निम्मं धर." पण निम्मं धरून ते ध्यानात कोण ठेवणार? म्हणून तुम्ही ते सणांना बांधून टाकलं होतं. दसऱ्याला इंजिनचा, पाडव्याला आतला. पावसाळा संपून रस्त्यावरची माती वाळायला लागते, तेव्हा इंजिनचा. उन्हाळा तोंडावर येतो, एसी लावल्याशिवाय बसवत नाही, तेव्हा आतला.

आणि मध्येच शंका आली तर? "काढायचा, उजेडासमोर धरायचा. घड्यांतून उजेड दिसला तर चालंल अजून. नाय दिसला तर विचार करीत बसायचं नाय." पंक्चरच्या दुकानात नेऊन फिल्टरला हवा मारून आणणारी माणसं तुम्हाला बघवायची नाहीत. "अरे, कागद हाय तो. जोरात हवा मारली की त्याला डोळ्याला दिसत नाय अशी भोकं पडत्यात. मग फिल्टर असून उपयोग काय?" तुम्हाला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. वाळूजच्या एका कारखान्यात फिल्टरच्या लाइनवर तुमची सव्वीस वर्षं गेली होती. कागदाची घडी मशीन पाडायची, पण घडी बरोबर पडली की नाही, ते तुमचं बोट सांगायचं.

आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. मी म्हणायचो, इंजिनचा फिल्टर हवाच, पण आतला म्हणजे चैन. धूळ वाटली तर काच वर करावी, गुदमरलं तर खाली करावी. तुम्ही म्हणायचात, "मग इंजिनलाबी खिडकीच ठेव की एक. त्याला कशाला पायजे फिल्टर?" मी हसायचो.  

दाजी, मी तुमच्या घरी दोन वर्षं राहिलो. बजाजनगरची ती एक खोली आणि स्वयंपाकघर. मी परीक्षेची तयारी करत होतो, आणि आपल्या घरून मला शहरात खोली करून द्यायची ऐपत नव्हती. आक्का म्हणाली, "आमच्याकडं ऱ्हाईल तो." तिनं तुम्हाला विचारलंही नव्हतं. तुम्ही दुसऱ्या पाळीवरून घरी आलात, कोपऱ्यात माझी ट्रंक बघितलीत आणि म्हणालात, "कॉट खिडकीजवळ घे. तिथं उजेड बरा असतो." त्या दिवसापासून तुम्ही खाली अंथरूण घातलंत.

कच्चं गणित करायला मला कागद पुरायचे नाहीत. तुम्ही लाइनवरचे वाया गेलेले फिल्टरचे कागद आणायचात. पिवळसर, जाड, बोटाला किंचित खरखरीत. त्यावर पेनाची शाई पसरायची, म्हणून मी पेन्सिलीनं लिहायचो. एकदा मी घाबरत विचारलं, "दाजी, हे चालतं का आणलेलं?" तुम्ही छाती पुढं काढून म्हणालात, "चोरी नाय, गेटपास हाय." आणि खरंच शर्टाच्या खिशातून सुपरवायझरची सही असलेली चिठ्ठी काढून दाखवलीत. मी नोकरीला लागलो तो त्या कागदांवर. माझ्या टेबलाच्या खणात त्यातला एक कागद अजून आहे. त्यावर नफा-तोट्याचं एक उदाहरण आहे, चुकलेलं.

हे सगळं मला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं.

उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत. तुम्ही आणि आक्का सकाळीच आलात. लोक घड्याळं आणतात, फ्रेम आणतात. तुम्ही माझ्या गाडीसाठी इंजिनचा नवा फिल्टर आणलात. मुहूर्ताला वेळ होता, म्हणून तुम्ही खाली पार्किंगमध्ये गेलात. नवा शर्ट काढून भिंतीवरच्या खुंटीला टांगलात आणि बनियनवर बॉनेट उघडून कामाला लागलात. मी शेजारी उभा होतो. बसवण्याआधी तुम्ही मार्करनं फिल्टरच्या रबरी कडेवर लिहिलंत. तुमची ती नेहमीची सवय होती. कुणाची गाडी, किती किलोमीटर, आणि कोपऱ्यात बारीक 'भा.' "ज्यानं बसवला त्याचं नाव पायजे. उद्या काय झालं तर धरायचं कुणाला?"

तेवढ्यात आमच्या ऑफिसचे साहेब आले. मी त्यांना बोलावलं होतं, पण ते येतील असं मला वाटलं नव्हतं. ते गाडीतून उतरले, तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अरे वा! माझ्याही गाडीचं बघ रे जरा." तुम्ही पन्नाशीचे होतात, दाजी. ते माझ्याहून लहान होते. तुम्ही हसून त्यांचंही बॉनेट उघडलंत, फिल्टर काढून उजेडाला धरलात आणि म्हणालात, "साहेब, ह्यो गेलाय. बदलून घ्या."

साहेबांनी मला विचारलं, "चांगला दिसतो माणूस. कोण आहे?"

मी म्हणालो, "वाळूजला असतात. ओळखीचे आहेत."

ओळखीचे. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर होतात. डब्याचं झाकण तुमच्या हातात होतं. तुम्ही वर बघितलं नाहीत. एकामागून एक चारही क्लिपा लावल्यात, नळावर हात धुतलेत, शर्ट घातलात.

यानंतर जे केलं ते याहून वाईट होतं, आणि ते मी विचार करून केलं. पूजा झाली, जेवणं सुरू व्हायची होती. आई म्हणाली, "भानुदासरावांना बोलव. पाट मांडलाय. जावयाचा आहेर आधी." साहेब हॉलमध्येच बसले होते. मी आईच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "साहेब गेल्यावर करू." आईनं माझ्याकडं बघितलं.  तुम्ही पंगतीत वाढायला उभे राहिलात. साहेबांच्या पानात जिलेबी तुम्हीच वाढलीत. "घ्या साहेब, अजून एक. लाजू नका." साहेब म्हणाले, "तू जेवलास का रे?"

साहेब गेले, बहुतेक लोक गेले, सतरंज्या गोळा झाल्या, तेव्हा तुम्हाला पाटावर बसवलं. टिळा लावला, टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ दिला. बघायला कोणी नव्हतं. तुम्ही उठलात, आईच्या पाया पडलात आणि दारात चपला घालताना मला म्हणालात, "येतो, अशोकराव."

तोवर मी तुमच्यासाठी अशोक होतो. रागात असाल तर अशक्या. 'राव' त्या दिवशी लागलं, आणि नंतर कधी निघालं नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्या गाडीला हात लावला नाहीत. घरी यायचात, जेवायचात, मुलांना शाळेचं विचारायचात, पण पार्किंगमध्ये गाडीशेजारून सरळ निघून जायचात. दसऱ्याला आणि पाडव्याला फोन मात्र चुकवला नाहीत. "फिल्टर बदलला का, अशोकराव?" मला तो प्रश्न टोचायचा. मला वाटायचं, हे मुद्दाम त्या दिवसाची आठवण करून देतात. म्हणून मी 'बदलला' म्हणून मोकळा व्हायचो आणि हट्टानं बदलायचो नाही. एकदा गाडीनं ओढ सोडली, पेट्रोल जास्त खायला लागली, तेव्हा नाक्यावरच्या पोराकडून त्या फिल्टरला हवा मारून घेतली. तुम्हाला जे बघवायचं नाही, नेमकं तेच. माझी चूक तुमच्या तोंडावर कबूल करायची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्या माघारी तुमचं ऐकायचं नाही, असा हा माझा पराक्रम.

मग तुमचं हृदय थकलं. नोकरी आधीच सुटली होती, तुम्ही आणि आक्का करमाडजवळ गावी येऊन राहिला होतात. डॉक्टरांनी जिना चढू नका, वाकू नका, वजन उचलू नका असं सांगितलं. पंधरा दिवसांनी तपासणी. मी म्हणालो, मी नेईन. मला वाटलं, एवढं केलं की काही फेडल्यासारखं होईल.

पहिल्याच शनिवारी, पाडवा होऊन आठवडा झाला होता, तुम्ही शेजारी बसलात आणि मी एसी लावला. पंखा घरघरायला लागला, हवा मात्र येईना, आणि आली तिला ओल्या पायमोज्यांचा वास. तुम्ही जाळीसमोर तळहात धरलात. बराच वेळ धरून ठेवलात. त्याच पाडव्याला मी तुम्हाला फोनवर 'बदलला' म्हणालो होतो. मी समोर रस्त्याकडं बघत राहिलो. तुमच्या तळहाताला सगळं कळलं असणार. सव्वीस वर्षं त्याच हातानं कागद तपासला होता.

तुम्ही एवढंच म्हणालात, "खिडकी खाली घेऊ का, अशोकराव?"

रस्ता खोदलेला होता. समोर खडीचा हायवा होता. तुम्ही उपरणं नाकाला लावून बसलात. चिकलठाणा येईपर्यंत खोकत होतात. दाजी, पाच मिनिटांचं काम होतं ते. खण काढायचा, मागची पट्टी सरकवायची, जुना ओढायचा, नवा घालायचा. मला येत होतं. तुम्हीच शिकवलं होतं. परत आल्यावर मी ते केलं नाही, कारण केलं असतं तर आधी केलं नव्हतं हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

पुढच्या खेपेला मी तुम्हाला दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, लिंबाच्या सावलीत गाडीत बसवून नंबर लावायला गेलो. पाऊण तास गेला असेल. परत आलो तर तुमच्या कपाळावर घाम, शर्ट भिजलेला, श्वास भरभर चाललेला. बोटं काळी झालेली. मी घाबरलो. "काय झालं दाजी? डॉक्टरला बोलवू का?"

"काय नाय. गोळी खाली पडली व्हती, ती हुडकत व्हतो."

"आणि हात?"

"तुमची गाडी कधी पुसता का खालून?"

परत निघताना मी एसी लावला. गार, मोकळी हवा आली. वास नाही, घरघर नाही. आणि मी, दाजी, हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, मी म्हणालो, "बघा! उगाच फिल्टर फिल्टर करता तुम्ही. आपोआप मोकळा झाला की."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि हसायला लागलात. इतके हसलात की खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. "व्हय व्हय," तुम्ही म्हणालात. "आपोआपच झाला." मीही हसलो. मला वाटलं, किती दिवसांनी दाजी मोकळं हसले. त्यानंतरचे सगळे शनिवार काचा वर करून, गार हवेत गेले. तुम्ही कधी डोळे मिटून बसायचात. मी ठरवायचो, करमाड ओलांडलं की बोलायचं. मग शेंद्रा आलं की बोलायचं. मग दवाखाना यायचा.

तेराव्याच्या दिवशी सत्तारभाई आले. तुमच्या लाइनवरचे. गुडघे धरत धरत मांडवात आले, तुमच्या फोटोसमोर उभे राहिले. मग माझ्याशेजारी बसले.

"तुम्ही अशोकभाऊ ना? उस्मानपुऱ्यातले? तुमच्या गाडीला तो फिल्टर बराबर बसला ना?"

"कुठला फिल्टर?"

"अरे, एसीचा. आतला. भानुदासचा फोन आला, सत्तार, अमुक मॉडेल, अमुक साल, शनिवारी दवाखान्याच्या गेटवर आणून दे. मैंने बोला, तू मरीज आदमी, तेरे को क्या पड़ी है? तर बोलतो कसा, मेहुण्याच्या गाडीत बसवत नाही रे, लई वास मारतो." सत्तारभाई हसले. "मी गेटवर आणून दिला. त्यानं पिशवीत घातला. बोलला, मेहुण्याला सांगू नको. त्याला वाईट वाटंल."

मी उठलो. मांडवाच्या बाहेर गाडी उभी होती. तुमच्या सीटवर बसलो, खण रिकामा केला, दोन्ही बाजू दाबून खाली सोडला. मागची पट्टी सरकवली आणि फिल्टर ओढला. पाच महिन्यांचा होता, करडा पडायला लागला होता, पण उन्हाला धरला तर घड्यांतून उजेड दिसत होता. हवेची दिशा दाखवणारा बाण बरोबर खाली. पांढऱ्या कडेवर मार्करनं लिहिलं होतं. अक्षर हललेलं होतं, एरवी तुमचं अक्षर हलत नसे.

'अशोक. ८१,२४०. भा.'

अशोकराव नाही. अशोक.

मी तिथंच बसून राहिलो. ज्या माणसाला वाकू नका म्हणून सांगितलं होतं, तो दवाखान्याच्या दारात, खणाखाली डोकं घालून, धाप लागत असताना माझं खोटं दुरुस्त करत होता. आणि मी येऊन त्याला आपोआप म्हणालो.

मला वाटलं, तुम्ही मला माफ केलंत. त्या क्षणी मला ते इतकं हवं होतं की मी पळतच घरात गेलो आणि आक्काला सांगितलं. सगळं सांगितलं, वास्तुशांतीपासूनचं. 'साहेब गेल्यावर करू' हेही. आक्का ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्या दिशीच ठाव झालं."

"दाजींनी सांगितलं?"

"त्यांनी नाय. आईनं." मग उठून तिनं पेटी उघडली आणि तळातून तो आहेराचा टॉवेल काढला. घडी मोडलेली नव्हती. हळदी-कुंकवाचा ठिपका तसाच. "चार वर्षं झाली. मी दोनदा काढून ठिवला न्हाणीत. दोन्ही येळंला त्यांनी उचलून परत पेटीत टाकला. म्हणले, नगं. राग नव्हता म्हणू नगंस, अशोक. लई व्हता."

"मग फिल्टर?"

"त्ये मला काय इचारतोस?" आक्का म्हणाली. "रागबी व्हता आन् फिल्टरबी बदलला. दोन्हीबी त्यांनीच केलं."

दाजी, हे दोन्ही मी नऊ दिवस सोबत घेऊन फिरतो आहे. टॉवेल वापरला नाहीत, हे तुमचं उत्तर आहे. फिल्टर बदललात, हेही तुमचंच. यातलं मला आवडेल तेवढं मी उचलावं आणि दुसरं पेटीत राहू द्यावं, असं मला करता येणार नाही. आक्का टॉवेल मला देत होती. मी घेतला नाही. तो तुमचा आहेर होता, वेळेवर न दिलेला.

आतला फिल्टर मी परत होता तसा बसवला. पाडव्याला त्याची वेळ भरेल. तुमचं अक्षर आहे म्हणून मी तो जपून ठेवला असता, पण तसा जुना फिल्टर गाडीत ठेवलेला तुम्हाला चालला नसता. पाडव्याला काढीन. तोवर गाडीत येणारी हवा तुम्ही बसवलेल्या कागदातून येते आहे. मुलं मागच्या सीटवर बसतात, त्यांना हे माहीत नाही. एकदा सांगीन.

इंजिनचा मात्र तुम्हाला शेजारच्या सीटवरून पोचण्यासारखा नव्हता. तो माझ्यावर राहिला होता.

यंदा सण नाही. आक्काकडं नाही, आमच्याकडंही नाही. खाली पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या धुतलेल्या, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं. मी काल दुकानातून नवा फिल्टर आणून ठेवला होता. शर्ट काढून त्याच खुंटीला टांगला, बनियनवर बॉनेट उघडलं. चार क्लिपा काढल्या. एक गंजली होती. जुना फिल्टर बाहेर काढला तर मूठभर माती, वाळलेली पानं आणि एक मेलेला किडा बरोबर आला. उजेडाला धरला. काहीच दिसलं नाही. कड अंगठ्यानं पुसली, तेव्हा अक्षर वर आलं. 'अशोक. ४६,९००. भा.' त्या दिवशीचा. झाकण लावायच्या आधी, साहेब यायच्या आधी लिहिलेला. तेव्हाचं अक्षर एकदम ठाम आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे काका हार घेऊन खाली आले होते. "काय अशोकराव, सणाच्या दिवशी हात काळे? कुठं शिकलात हे?"

"आमच्या दाजींकडं," मी म्हणालो.

"दाजी म्हणजे?"

"आक्काचे मालक. आमच्या घरचे जावई. वाळूजला फिल्टरच्या लाइनवर होते. मी त्यांच्याच घरी राहून शिकलो."

काका "अच्छा" म्हणाले आणि आपल्या गाडीला हार बांधायला लागले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. एवढं सोपं वाक्य होतं ते, दाजी. चार वर्षं उशिरा बोललो, भलत्या माणसापुढं बोललो, आणि ते ऐकायला तुम्ही झाकण हातात धरून शेजारी उभे नव्हतात.

नव्या फिल्टरच्या कडेवर मी मार्करनं किलोमीटर लिहिले. कोपऱ्यात बसवणाऱ्याचं नाव लिहायचं होतं.  मी लिहिलं, 'भानुदास दाजींचा मेहुणा.' अक्षर कडेवर मावेना, शेवटचं बारीक करावं लागलं. फिल्टर डब्यात बसवला, चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं, क्लिपा लावल्या. नळावर हात धुतले. साडेनऊ वाजले होते. फोन खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होता. तो वाजला नाही.

बदलला, दाजी. हार यंदा नाही.